नॅनोकणांची शिस्तबद्ध रचना: कण जुळवायचे कसे, आणि जुळणी बिघडते कुठे?

टिळकवाडीकर

नमस्कार. बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा बी.एस्सी.च्या अंतिम वर्षातील काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी सिलिकाचे गोल नॅनोकण बनवायला घेतले. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. १९६८ मध्ये श्टोबर व सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली: इथेनॉल, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणात टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट हा सिलिकॉनयुक्त द्रव घालायचा आणि ढवळत ठेवायचे. कण उत्तम आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते सुमारे २५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) व्यासाचे आणि दिसायला एकसारखे आहेत.

अडचण पुढची आहे. हे कण ओळीने रचले गेले, तर ओपल रत्नासारखा रंग दिसायला हवा, कारण ओपलमध्येही सिलिकाचे असेच गोल कण थरावर थर रचलेले असतात, हे सँडर्स यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले होते. आमच्या मुलांनी द्रावणाचा थेंब काचेवर ठेवून वाळवला, तर कडेला पांढरट कडे उरते आणि मध्ये जवळजवळ काहीच राहत नाही. रंगाचा पत्ता नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. सुटे नॅनोकण मोठ्या, सुव्यवस्थित रचनेत आणण्याच्या कोणकोणत्या पद्धती आहेत आणि त्यांच्या मुळाशी कोणते तत्त्व आहे? आणि त्यांतील कोणती पद्धत स्वच्छ-कक्ष, महागडी यंत्रे वगैरे नसलेल्या साध्या महाविद्यालयात पावसाळ्यातसुद्धा करता येईल? इंग्रजी पाठ्यपुस्तकांत पद्धतींची नुसती यादी मिळते, का आणि कसे ते मिळत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

मलप्रभाकाठ

सर, मी खानापूरचा. सिरॅमिकच्या कामात आयुष्य गेले, त्यामुळे वाळण्याच्या बाबतीत थोडे बोलू शकतो.

तुमच्या मुलांना जे कडे दिसते, त्याचे स्पष्टीकरण १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील डीगन आणि सहकाऱ्यांनी दिले. थेंबाची कड काचेच्या बारीक खडबडीतपणाला आणि तेथे साचलेल्या कणांना अडकून बसते. कडेशी वाफेला निसटायला मोकळी हवा जास्त मिळते, म्हणून बाष्पीभवनही तेथेच सर्वांत वेगाने होते. कड तर आत सरकू शकत नाही. मग तेथून उडून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी मधले पाणी सतत बाहेर वाहत राहते आणि सोबत कण वाहून नेते. शेवटी सगळा माल कडेला आणि मैदान रिकामे. सुरुवातीला कण सावकाश येतात म्हणून कड्याच्या बाहेरच्या भागात ते बऱ्यापैकी ओळीने बसतात. शेवटच्या क्षणी मात्र प्रवाह इतका जोरात होतो की कण जागा शोधण्याआधीच एकमेकांवर आदळून अडकतात.

गंमत अशी की ज्या प्रवाहाने तुमचे कडे तयार झाले, त्याच प्रवाहाने उत्तम पापुद्राही तयार होतो. फरक एवढाच, की कड एका जागी अडकून न राहता संथपणे सरकत राहिली पाहिजे. त्यासाठी काचपट्टी द्रावणाच्या बाटलीत जवळजवळ उभी, किंचित तिरकी ठेवतात आणि द्राव हळूहळू उडू देतात. पट्टीवर द्रवाची जी वर चढलेली कड असते, तेथे द्रवाचा थर कणाच्या व्यासाहूनही पातळ होतो. अशा पातळ थरातून डोके वर काढलेल्या दोन कणांमध्ये द्रवाचा पृष्ठभाग वाकतो आणि पृष्ठताण त्यांना एकमेकांकडे ओढतो. मागून प्रवाह नवे कण आणून देत असतो. द्रावाची पातळी उतरते तशी ही ओळ खाली सरकते आणि मागे रचलेला पापुद्रा सोडत जाते. जपानमध्ये नागायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या यंत्रणेचा बारकाईने अभ्यास केला.

आता थोडा हिशेब. सिलिकाची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते. २५० नॅनोमीटरचा कण इथेनॉलमध्ये स्वतःच्या वजनाने दिवसाला साधारण तीन-सव्वातीन मिलिमीटर खाली बसतो. बाष्पीभवनाने पातळी त्याहून बरीच वेगाने उतरली पाहिजे, नाहीतर पट्टीच्या वरच्या भागाला कण पोहोचणारच नाहीत. ५०० नॅनोमीटरच्या कणाचा हाच वेग चौपट होतो, दिवसाला तेरा मिलिमीटर. म्हणून मुलांनी मोठ्या कणांच्या मोहात पडू नये, २५० हाच आकार सोयीचा आहे. द्रावणात सिलिकाचे प्रमाण आकारमानाने एक टक्क्याच्या आसपास ठेवावे. त्यावर थरांची संख्या ठरते.

पावसाळ्याचे म्हणाल, तर आमच्याकडे जुलैत भिंतीसुद्धा घाम गाळतात. इथेनॉल उडताना पट्टी थंड होते, हवेतले बाष्प तिच्यावर जमते आणि पापुद्र्यात पाणी शिरते. त्यावर उपाय म्हणजे बाटली ४५ अंश सेल्सिअसच्या इनक्युबेटरमध्ये ठेवणे. २४ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेर कितीही कोसळत असो, आत उन्हाळाच. मात्र पंखा असलेला ओव्हन नको, आणि उघड्या तापतारेचा तर मुळीच नको, कारण इथेनॉलची वाफ पेट घेते. बाटली लहान, झाकण सैल आणि खोलीत हवा खेळती, हे पथ्य पाळावे.

हिंडलगा

वरील माहिती उपयुक्त आहे, पण एक मूलभूत शंका राहतेच. कण एकमेकांकडे ओढले जातात एवढे पुरेसे असेल, तर ते कसेही गोळा व्हायला हवेत. ते रांगेत का बसतात? शिस्त येते कुठून?

पॅनघर

मी संकेश्वर भागातील साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे पाक आटवून दाणा पाडण्याच्या निर्वात भांड्यावर, काम केले आहे. नॅनोकण मी पाहिलेले नाहीत, परंतु हिंडलगा यांच्या शंकेचे उत्तर पॅनमनला रोज द्यावे लागते. पॅनमध्ये साखरेच्या पाकाची संपृक्तता अशा पट्ट्यात राखावी लागते, की असलेला दाणा वाढत राहील, पण नवा दाणा पडणार नाही. निर्वात एकदम वाढला किंवा पाक एकदम थंड झाला, तर सगळीकडे बारीक दाणा पडतो, तो सेंट्रिफ्युगलमध्ये जाळीतून निसटतो किंवा जाळी बुजवतो, आणि पाळीचे सगळे गणित बिघडते. पट्टा बरोबर राखला, तर दाण्याच्या पृष्ठभागावर साखरेचे रेणू येतात, काही परत पाकात जातात, पुन्हा येतात, आणि जेथे घट्ट बसायला जागा आहे तेथेच टिकतात. या जा-ये मुळेच दाण्याला कोन आणि धार येते. तुमच्या कणांचेही असेच असावे, असे मला वाटते.

धारवाडचा विद्यार्थी

पॅनघर काकांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. मी मूळचा बेळगावचा, सध्या धारवाडला पदार्थविज्ञानात संशोधन करतो. त्यांचे म्हणणे नॅनोकणांना लावून दाखवतो.

द्रवात तरंगणारा कण स्थिर नसतो. द्रवाचे रेणू त्याला चारी बाजूंनी धक्के देत असतात. हीच ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाहिलेली आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने उलगडलेली हालचाल. या धक्क्यांची एक ठरावीक ऊर्जा असते, तापमानावर अवलंबून असलेली. दोन कणांमधले आकर्षण या ऊर्जेच्या शेकडो पट असेल, तर ते पहिल्या भेटीतच कायमचे चिकटतात. चुकीच्या जागी बसलेला कण मग तेथेच राहतो आणि हाती येतो फांद्या फुटलेला, पोकळ, विस्कळीत गोळा. आकर्षण धक्क्यांहून कमी असेल, तर कण जुळतच नाहीत. यांच्या मधला पट्टा हवा: आकर्षण ऊष्मीय ऊर्जेच्या काही पटच असावे, म्हणजे चुकून एका शेजाऱ्याशी जुळलेला कण सुटू शकेल, पण योग्य खोबणीत सहा किंवा बारा शेजाऱ्यांनी धरलेला कण सुटणार नाही. कोणतीही पद्धत समोर आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: चुकलेल्या कणाला परत निघण्याची वाट आहे का?

याहून चकित करणारी गोष्ट अशी, की शिस्तीसाठी आकर्षणसुद्धा अनिवार्य नाही. एकमेकांना फक्त शिवू न देणारे, बाकी काहीही न करणारे कठीण गोल घेतले, तरी आकारमानाचा ४९.४ टक्के भाग त्यांनी व्यापला की ते आपोआप स्फटिक होऊ लागतात आणि ५४.५ टक्क्यांच्या वर सगळेच स्फटिक होतात. १९५७ मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर असे स्फटिकीभवन दाखवले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. १९८६ मध्ये प्युसी आणि व्हान मेगेन यांनी प्रत्यक्ष प्लास्टिकच्या सूक्ष्म गोलांवर ते दाखवून दिले. कारण असे: दाटी झाल्यावर अस्ताव्यस्त अवस्थेत प्रत्येक कण कोंडला जातो, ओळीने बसल्यावर मात्र प्रत्येकाला आपापल्या जागी हलायला थोडी जास्त जागा मिळते. एकूण एन्ट्रॉपी ओळीच्या बाजूने पारडे झुकवते. एन्ट्रॉपी म्हणजे गोंधळ, असे आपण बारावीत घोकलेले असते, तिला येथे थोडी मुरड घालावी लागते.

परंतु एक अट कडक आहे. कणांच्या व्यासातील फरक पाचेक टक्क्यांच्या आत हवा. फरक जास्त असेल, तर कितीही सावकाश वाळवा, स्फटिक नीट होणार नाही. टिळकवाडीकर सर, मुलांचे कण "दिसायला एकसारखे" आहेत एवढ्यावर थांबू नका, सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरून शे-दोनशे कणांचे व्यास मोजायला सांगा.

वेदगंगा

मी निपाणीची, वनस्पतिशास्त्र शिकवते. चर्चा सिलिका आणि प्लास्टिकच्या गोलांभोवती फिरते आहे, पण आमच्या निपाणीच्या शिवारात या विषयाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुबक नमुना तंबाखूच्या पानात सापडतो. तंबाखूच्या पानावर फिकट आणि गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी उमटते, तो मोझॅक रोग शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हाताने, कपड्याने, विळ्याने तो एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. त्याचा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांबीची आणि १८ नॅनोमीटर जाडीची ताठ कांडी. विषाणू ही कल्पनाच मुळात या रोगाच्या अभ्यासातून पुढे आली: इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये आणि बायेरिंक यांनी १८९८ मध्ये दाखवले, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगट पानाचा रस आपला संसर्ग घेऊन पार होतो. १९३५ मध्ये स्टॅन्ले यांनी त्याचे स्फटिकरूप मिळवले आणि १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला.

या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग १९५५ चा आहे. फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, मग ते पुन्हा एकत्र मिसळले, आणि परीक्षानळीत पूर्ववत कांड्या तयार झाल्या. त्या कांड्यांनी रोपाला रोगही झाला. एका कांडीत प्रथिनाचे २१३० एकसारखे तुकडे आरएनएच्या धाग्याभोवती जिन्यासारखे चढत बसलेले असतात आणि प्रत्येक तुकडा आरएनएची तीन अक्षरे झाकतो. २१३० गुणिले ३ म्हणजे ६३९०. विषाणूच्या आरएनएची लांबी सुमारे ६४०० अक्षरे आहे. हिशेब जुळतो. आरएनए संपला की कांडी वाढायची थांबते, म्हणून सगळ्या कांड्या एकाच लांबीच्या. आरएनए नसताना आम्लधर्मी द्रावणात प्रथिनाच्या कांड्या होतात खऱ्या, पण त्यांच्या लांबीला धरबंध नसतो.

धारवाडच्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथे आहे. द्रावण अल्कधर्मी केले की कांडी सुटी होते, पीएच पुन्हा योग्य केला की जुळते. तुकड्यांमधले बंध एकेकटे दुबळे आहेत, पुष्कळ मिळून बळकट. अलीकडे संशोधकांनी या कांडीवर निकेलसारख्या धातूंचा लेप देऊन विजेरीची विद्युताग्रेही बनवली आहेत. आमच्याकडे ज्या विषाणूने शेतकऱ्यांच्या कपाळावर आठ्या आणल्या, तो प्रयोगशाळेत आयता साचा म्हणून वापरला जातो, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

टिळकवाडीकर

वेदगंगा ताई, हे उदाहरण मी प्रकल्पाच्या अहवालात घ्यायला सांगणार आहे. धारवाडच्या विद्यार्थ्याला एक विचारतो: डीएनए वापरून कण जोडतात असे वाचले आहे. तेथे चुकीची दुरुस्ती कशी होते?

धारवाडचा विद्यार्थी

सर, तेथे दुरुस्ती तापमानाने होते, आणि म्हणूनच ती पद्धत मला सर्वांत देखणी वाटते.

नेड्रियन सीमन यांनी १९८२ मध्ये असा विचार मांडला, की डीएनएचा उपयोग आनुवंशिक माहितीसाठी न करता निव्वळ बांधकामासाठी करता येईल. दुहेरी सर्पिलाची जाडी २ नॅनोमीटर, एका वेढ्याला साडेदहा पायऱ्या आणि ३.५ नॅनोमीटर लांबी. इतके नेमके मोजमाप दुसऱ्या कोणत्या बांधकाम साहित्याला क्वचितच असेल. १९९६ मध्ये मर्किन आणि अलिव्हिसाटोस यांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे सोन्याच्या नॅनोकणांना डीएनएचे धागे लावून दाखवले. मर्किन यांच्या प्रयोगात १३ नॅनोमीटरचे सुवर्णकण होते. सुटे असताना त्यांचे द्रावण माणकासारखे लाल असते. पूरक, म्हणजे अक्षराला अक्षर जुळणाऱ्या, डीएनएने कण जवळ आले की ते जांभळे होते. तापवले की डीएनएचे धागे सुटतात आणि द्रावण पुन्हा लाल. हा बदल काही मोजक्या अंशांत घडतो, कारण दोन कणांमध्ये एकाच वेळी अनेक धागे गुंतलेले असतात आणि ते जवळजवळ एकदमच सुटतात.

मात्र १९९६ चे ते पुंजके स्फटिक नव्हते. व्यवस्थित स्फटिक मिळायला २००८ उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रुकहेवन प्रयोगशाळा आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ येथील दोन गटांनी एकाच वेळी तसे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधल्या बारा वर्षांत डीएनए बदलला नव्हता. बंध एकेकटे दुबळे ठेवणे आणि पुंजका वितळण्याच्या तापमानाच्या किंचित खाली बराच वेळ राखणे, यावर पकड आली होती. त्या तापमानाला बंध तुटतात आणि जुळतात, कण सरकत सरकत योग्य जागा पकडतात. पॅनघर काकांचा पट्टा तो हाच. सगळ्या कणांवर एकच स्वयंपूरक धागा लावला तर फलककेंद्री घन जाळी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर कण) मिळते, दोन प्रकारच्या कणांवर परस्परपूरक धागे लावले तर अंतःकेंद्री घन जाळी (कोपऱ्यांवर आणि घनाच्या मध्यभागी कण). म्हणजे कोणती रचना हवी, ते अक्षरांच्या क्रमाने ठरवता येते.

२००६ मध्ये रोथेमुंड यांनी वेगळी वाट काढली: एका विषाणूचा ७२४९ अक्षरांचा एकेरी डीएनए घ्यायचा आणि दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांनी तो हवा तसा दुमडून टाचायचा. मिश्रण ९५ अंशांपासून हळूहळू थंड केले की सुमारे १०० नॅनोमीटरच्या आकृत्या अब्जावधींच्या संख्येने एकदम तयार होतात. त्यांवर ठरलेल्या ठिकाणी सुवर्णकण बसवता येतात.

महाविद्यालयासाठी हे महाग आहे, परंतु त्याची उलटी बाजू स्वस्तात दाखवता येईल. सायट्रेटने बनवलेल्या लाल सुवर्ण द्रावणात मिठाचे पाणी थेंब थेंब घाला. कणांवरचा ऋणभार झाकला जातो, त्यांचे परस्पर प्रतिकर्षण संपते आणि द्रावण निळसर करडे होते. आता ते कितीही पातळ करा, लाल रंग परत येणार नाही. जुळणी झाली, पण सुटण्याची वाट नाही, म्हणून शिस्तही नाही. विद्यार्थ्यांना हे एकदा डोळ्यांनी दिसले, की पुढचे व्याख्यान निम्मे करता येते.

हिंडलगा

आता उलगडा झाला. पण पाण्याच्या पृष्ठभागावर कण पसरून थर उचलण्याची पद्धत कोणी सांगितली नाही. मी स्वयंपाकघरात उभे राहून वाचते आहे, म्हणून त्या पद्धतीबद्दल विशेष आस्था आहे. जर्मनीच्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठात शिकायला मिळाले नाही, तरी घरातल्या भांड्यांतून त्यांनी पाण्यावरच्या थरांसाठी सरकत्या पट्टीचे तबक तयार केले, लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिले आणि ते १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले. पुढे लँगम्युअर यांनी १९१७ मध्ये त्याच धर्तीच्या तबकावर एका रेणूच्या जाडीचे थर मोजले आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३० च्या दशकात तसे थर एकावर एक काचेवर उचलून दाखवले. त्यांनी ४४ थर चढवलेली काच प्रकाश जवळजवळ परावर्तितच करत नव्हती.

धारवाडचा विद्यार्थी

हिंडलगा ताई, अगदी बरोबर, आणि सरांच्या दृष्टीने ही दुसरी शक्य पद्धत आहे. थर किती पातळ असतो याचा अंदाज फ्रँकलिन यांच्या अठराव्या शतकातील प्रयोगावरून येतो. लंडनजवळच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकल्यावर सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पाच मिलिलिटर तेल दोन हजार चौरस मीटरवर पसरले, तर जाडी अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे साधारण एका रेणूची लांबी.

सिलिकाच्या कणांसाठी रुंद काचेचे पात्र घ्यावे. कणांचा पृष्ठभाग किंचित जलविरोधी केलेला असावा, नाहीतर ते बुडतात. अल्कोहोलमध्ये मिसळलेले कण तिरक्या काचपट्टीवरून पाण्यावर सोडावेत आणि मग पृष्ठताण कमी करणाऱ्या साबणसदृश पदार्थाचा एक थेंब कडेला टाकावा. पसरलेले कण दुसऱ्या बाजूला लोटले जाऊन दाट होतात आणि पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. त्याखाली काचपट्टी बुडवून सावकाश वर उचलायची. एकाच थराची रचना हवी असेल, तर उभ्या पट्टीपेक्षा ही पद्धत खात्रीची.

पाळीपाळीने धन आणि ऋण भाराच्या द्रावणात काच बुडवून थर चढवण्याची पद्धतही आहे. आयलर यांनी ती १९६६ मध्ये सुचवली आणि डेकर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. ती सोपी आणि टिकाऊ आहे, परंतु भार भाराला घट्ट धरतो, म्हणून थरांची संख्या नेमकी मिळते आणि थरातल्या कणांची ओळ मिळत नाही. रंगाच्या दृष्टीने तुम्हाला तिचा उपयोग नाही.

उद्यमबाग

मी फाउंड्रीचा माणूस. इतके वाचल्यावर स्पष्ट विचारतो, राग नसावा. आमच्याकडे कास्टिंगमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माल परत येतो. या आपोआप जुळणाऱ्या रचनांत किती दोष राहतात, आणि हे कुठे विकले जाते का?

धारवाडचा विद्यार्थी

राग कसला, हाच खरा प्रश्न आहे. दोष पुष्कळ राहतात, आणि उद्योग सावध आहे तो त्यामुळेच. दोन भिन्न बहुवारिके (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू) एका साखळीत जोडली की ती आपोआप वेगळी होऊन काही दहा नॅनोमीटरच्या अंतराने पट्टे किंवा खांब तयार करतात. साखळीची लांबी ठरवली की अंतर ठरते. चिप बनवणाऱ्यांनी यात बराच रस घेतला आहे, पण नुसते मोकळे सोडले तर पट्टे वळणे घेतात. म्हणून आधी नेहमीच्या प्रकाशछपाईने विरळ मार्गदर्शक रेषा काढतात आणि मधली जागा बहुवारिकाला भरू देतात. तरीसुद्धा चिपला लागणारी निर्दोषता गाठणे फार अवघड आहे.

अर्धवाहक क्वांटम डॉटचे, म्हणजे आकारानुसार रंग बदलणाऱ्या अर्धवाहकाच्या नॅनोकणांचे, तेही असेच. मरे, केगन आणि बावेंडी यांनी १९९५ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचे त्रिमितीय स्फटिक बनवले. चांगला द्राव हळूहळू कमी करत नेला आणि कण एकेक करून बाहेर पडून रचले गेले. २००६ मध्ये दोन आकारांच्या कणांपासून पंधराहून अधिक प्रकारच्या जाळ्या प्रसिद्ध झाल्या. बावेंडी यांना २०२३ चे नोबेल मिळाले, ते मात्र कण नेमक्या आकाराचे बनवण्यासाठी, रचण्यासाठी नव्हे. दूरचित्रवाणी संचात जे क्वांटम डॉट असतात, तेही पटलात विखुरलेले असतात. तेथे रांगेची गरजच नाही.

जेथे थोडे दोष चालतात तेथे मार्ग मोकळा आहे. १९९७ मध्ये होल्ट्झ आणि अॅशर यांनी ओळीने बसलेले कण फुगणाऱ्या जेलमध्ये गोठवले. द्रावणात शिसे किंवा ग्लुकोज असेल तर जेलचे आकारमान बदलते, कणांमधले अंतर बदलते आणि रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. अशा संवेदकाला शंभरात दोन-चार कण चुकले तरी बिघडत नाही.

मलप्रभाकाठ

दोषांत तड्यांचा उल्लेख राहिला, आणि सरांच्या मुलांना सर्वांत आधी त्यांचाच सामना करावा लागेल. दाट रचलेल्या २५० नॅनोमीटरच्या गोलांमध्ये जी सर्वांत अरुंद फट असते, तिची त्रिज्या १९ नॅनोमीटर भरते. त्या फटीत अडकलेले पाणी सुकताना सुमारे ७५ वातावरणांइतका ताण टाकते. इथेनॉलचा पृष्ठताण कमी असल्यामुळे तोच ताण २३ च्या आसपास राहतो. म्हणून शेवटचा द्राव इथेनॉल असावा. शिवाय श्टोबर पद्धतीच्या कणांच्या आत पाणी आणि सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट) अडकलेले असतात, त्यामुळे वाळल्यावर कण स्वतःही आक्रसतात आणि पापुद्रा काचेला चिकटलेला असल्याने फाटतो. कण रचण्याआधीच मफल भट्टीत ६०० अंशांच्या आसपास भाजून घेतले, तर आक्रसायचे ते आधीच आक्रसून जातात. भाजल्यावर ते एकमेकांना चिकटतात, म्हणून अल्ट्रासाउंडने पुन्हा नीट सुटे करावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. भाजल्यावर व्यास कमी होतो, तेव्हा रंगाचा हिशेब नव्या व्यासाने करावा.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. प्रथम उभ्या पट्टीची पद्धत, ४५ अंशांवर इथेनॉलमध्ये, असे ठरवले आहे. पाण्यावरचा थर दुसऱ्या सत्रात. रात्री वीज गेली की इनक्युबेटर थंड होतो, त्यासाठी बाटलीभोवती पाण्याचे मोठे भांडे ठेवून तापमान सावकाश उतरेल असे पाहणार आहोत. एकच विचारायचे राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पाळी लागायला वेळ लागतो. तोपर्यंत रचना जुळली की नाही, हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतच कसे ओळखावे? लेसर टाकून चालेल का?

धारवाडचा विद्यार्थी

हिरव्या लेसरचा येथे उपयोग नाही, सर. २५० नॅनोमीटरच्या कणांच्या दोन ओळींमधले अंतर सुमारे २१७ नॅनोमीटर, आणि लेसरची तरंगलांबी ५३२. ओळींतील अंतर तरंगलांबीहून कमी असल्याने काचेवर सरळ टाकलेला किरण ओळींमुळे ठरावीक दिशांत वळून पडद्यावर ठिपके उमटवणार नाही. एक मायक्रोमीटरचे कण असते, तर ३८ अंशांवर सहा ठिपके दिसले असते, आणि ठिपक्यांऐवजी अखंड वर्तुळ दिसले, तर पट्टीवर वेगवेगळ्या दिशांचे अनेक छोटे स्फटिक आहेत असा अर्थ झाला असता.

तुमच्यासाठी परावर्तित रंग पुरेसा आहे. दाट रचनेत दोन थरांमधले अंतर व्यासाच्या ०.८१६ पट, म्हणजे २०४ नॅनोमीटर. ७४ टक्के सिलिका आणि २६ टक्के हवा धरली, तर सरासरी अपवर्तनांक १.३५ येतो. सरळ वरून पाहिल्यास परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी २ × २०४ × १.३५, म्हणजे ५५१ नॅनोमीटर, स्वच्छ हिरवा. पट्टी ४५ अंशांत कलती करून पाहिल्यास हाच रंग ४६८ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे निळ्यापर्यंत सरकला पाहिजे. रंग कोनाबरोबर सरकला, तर थर रचले गेले आहेत. सगळ्या कोनांतून सारखाच पांढरट दिसला, तर कण जमले आहेत, रचले गेलेले नाहीत. मागे काळा कागद धरला की फरक अधिक उठून दिसतो. पापुद्र्यावर इथेनॉलचा एक थेंब टाकूनही पाहता येईल: फटींतली हवा जाऊन द्रव शिरला की हिरवा रंग पिवळ्याकडे सरकतो आणि फिका होतो, आणि थेंब उडाल्यावर परत येतो. परत आला नाही, तर पापुद्रा हलला आहे. तो भाग सूक्ष्मदर्शकासाठी पाठवू नका, शेजारचा पाठवा.